न वाचता ओळखा: माणसाचं की मशीनचं?

आपल्या इंदूरला वेगवेगळं करायची सवय आहे. ओला कचरा एका डब्यात, सुका दुसऱ्यात, आणि कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की आजोबासुद्धा हातातला पेपर टाकून पळतात. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर काय उगाच येतो? तेव्हा आता लेखांचंही तसंच करायचं ठरलं आहे. माणसाने लिहिलेले एका डब्यात, एआयने लिहिलेले दुसऱ्यात. अडचण एकच आहे. कचरा वेगळा करायचा तर निदान बघावा लागतो. लेख वेगळे करायचे म्हणजे वाचावे लागणार, आणि एवढा वेळ कोणाकडे आहे? म्हणून ही न वाचता ओळखायची पद्धत देते आहे. ती माझी नाही. माझ्यावर वापरून झालेली आहे, त्यामुळे गुण येतो हे खात्रीने सांगू शकते.

झालं असं, की २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून इथल्या एका मंडळाने स्मरणिका काढली आणि लेखस्पर्धा ठेवली. विषय दोन: लोकमाता अहिल्यादेवी, नाहीतर आमचं जुनं इंदूर. मी दुसरा घेतला आणि रामबागेतल्या माझ्या आत्यावर लिहिलं. तिचा पितळी स्टोव्ह, तो पंप करताना तोंडाने चाललेलं रामरक्षेचं पुटपुटणं, आणि स्टोव्हची पिन हरवू नये म्हणून ती कॅलेंडरच्या चालू तारखेला टोचून ठेवायची ते. वर्ष संपलं की आमच्या कॅलेंडरला तीनशे पासष्ट भोकं. १९८४ मध्ये राजवाडा जळला तेव्हा ‘तिकडे एवढी आग, आणि मी इथे आणखी पेटवू?’ म्हणून तिने दोन दिवस स्टोव्हला हात लावला नाही, आणि आम्ही पोरं शेव-परमल खाऊन राहिलो, हेही लिहिलं. पंधरा दिवस लागले. तीन वेळा कागद फाडला.

मग परीक्षण समितीतल्या मुलाचा फोन आला. मुलगा चांगला आहे, नाकाचा शेंबूड पुसायला शिकला तो आमच्याच अंगणात.

‘काकू, बुरा नका मानू, पण तुमचा लेख सत्त्याऐंशी टक्के एआय दाखवून राहिला ना.’

तर आता खुणा लिहून घ्या.

पहिली खूण म्हणजे शुद्धलेखन. लेखात ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी असतील तर समजावं की माणसाचं काम नव्हे. त्यातून लेखक इंदूरचा असेल तर पुरावाच मिळाला. ‘येऊन राहिलो’ नाही, ‘भिया’ नाही, ‘मला मालूम नव्हतं’ नाही, असं मराठी इंदूरच्या माणसाच्या हातून उतरेलच कसं? आमच्या वडिलांनी घरात हिंदी बोललं की दहा ओळी शुद्धलेखन लिहायला लावलं होतं, हा माझा दोष मी कबूल करते. होळकरांबरोबर इथे आलेल्या मराठीने अडीच-तीनशे वर्षं तग धरला, तो अशा दहा-दहा ओळींवर. परीक्षकांना ते संशयास्पद वाटलं. वाटणारच.

दुसरी खूण, डॅश. वाक्यात आडवी रेघ दिसली की पकडा. आम्हाला शाळेत याला अपसारण चिन्ह म्हणायचे आणि त्यावर प्रश्न यायचा. त्या हिशोबाने आमची अख्खी सातवीची तुकडी यंत्रांची होती.

लेख लांब असेल तर एआय. आखूड असेल तर ‘आखूड लिही’ म्हणून सांगितलेलं असणार.

लेखक साठीच्या पुढचा असेल तर नातवाने करून दिलेलं आहे. चर्चा नको.

तपशील फार असतील तरी सावध. ‘काकू, ते पिनचं वगैरे जरा जास्तच डिटेल झालं, इतकं कोणाला याद राहतं?’ असंही मला सुनावलं गेलं. बरोबर आहे. ज्यांना काल सराफ्यात कोणाच्या गाडीवर भुट्ट्याचा कीस खाल्ला ते आठवत नाही, त्यांना दुसऱ्याला आत्या आठवते हे खरं कसं वाटावं?

आता मुख्य खूण, टक्केवारी. ही सगळ्यात शास्त्रीय. वेबसाइट उघडायची, लेख चिकटवायचा, बटण दाबायचं. लाल काटा फिरतो आणि निकाल येतो. काट्यापुढे कोणाचं काही चालत नाही. आत काय होतं हे विचारायचं नसतं, पण मी मेली विचारत बसले. ढोबळमानाने असं होतं, की एका शब्दानंतर पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज बांधत एआय लिहितो, आणि तपासणारं यंत्र बघतं की शब्द किती अपेक्षेप्रमाणे आले. सगळे अपेक्षेप्रमाणे आले तर म्हणतं, मशीन. म्हणजे ‘त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी’ निर्माण करणारे, ‘फूल ना फुलाची पाकळी’ देणारे, ‘प्रमुख पाहुण्यांनी आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून’ येताना बघणारे सगळे त्यात अडकणार. मंडळाच्या चिटणीसांचे वार्षिक अहवाल घालून बघा. मला वाटतं आमच्याकडे १९७० पासून एआयच चिटणीस आहे.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. ज्या ओपनएआयने ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी बाजारात आणलं, त्यांनीच जानेवारी २०२३ मध्ये ओळखणारं यंत्रही काढलं. त्यांच्याच चाचणीत त्याने मशीनच्या मजकुरातला जेमतेम २६ टक्के ‘बहुधा एआयचा’ म्हणून पकडला, आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के उगाच मशीनच्या नावावर टाकला. जुलैमध्ये, अचूकता कमी आहे असं सांगून, त्यांनी ते गुपचूप बंद केलं. ज्याने पोर जन्माला घातलं त्याला ते ओळखता येईना, पण आमच्या समितीला येतं! त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात वेगवेगळ्या डिटेक्टरांत घातले. सरासरी ६१ टक्के वेळा यंत्रं म्हणाली, एआय. का? तर बिचारे साधे, सोपे, मोजके शब्द वापरत होते. परकी भाषा जपून बोलतात तसे.

बरं, ते इंग्रजीचं झालं. मराठीचं काय? मी त्या मुलाला विचारलं, बाळा, तुझी ती वेबसाइट मराठी वाचते का रे? तो म्हणाला, नाही ना काकू, मराठी घेत नव्हती. म्हणून आधी लेख मोबाइलवर इंग्रजीत ट्रान्सलेट केला, आणि मग चेक केला.

पुन्हा वाचा. मीही फोनवर पुन्हा विचारलं होतं. माझा लेख त्याने मशीनला दिला. मशीनने त्याचं इंग्रजी केलं. ते मशीनने केलेलं इंग्रजी त्याने दुसऱ्या मशीनला दाखवलं आणि विचारलं, हे मशीनने केलं आहे का. ते म्हणालं, हो. आणि दोष कोणाला लागला? माझ्या आत्याला! दुधात स्वतःच पाणी घालायचं, मग लॅक्टोमीटर बुडवायचा, आणि गवळ्याच्या नावाने बोंब मारायची, यातला हा प्रकार. बरं, त्या इंग्रजीत आत्या ‘फादर्स सिस्टर’ झाली होती, शेव-परमलचं ‘स्नॅक्स’ झालं होतं, आणि स्टोव्हच्या पिनची सेफ्टी पिन. स्टोव्हला सेफ्टी पिन लावणारी बाई त्या वेबसाइटला मशीन वाटली यात तिचं काही चुकलं नाही. मलाही वाटली असती. पण मी ती लिहिली नव्हती हो! तेरा टक्के माणूस निघाला हेच नशीब. तेवढी बहुधा रामरक्षा असावी.

शांत होते. पुढची खूण.

शंका आली तर सरळ एआयलाच विचारावं, हे तू लिहिलंस का? टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाने मे २०२३ मध्ये हेच केलं. पोरांचे निबंध चॅटजीपीटीत चिकटवून विचारलं, त्याने बिनधास्त ‘मीच’ म्हणून सांगितलं, आणि पोरांच्या पदव्या अडकल्या. न्यूयॉर्कच्या एका वकिलाने उलट बाजूने विचारलं. त्याच्या अर्जातले सहा निवाडे त्या यंत्राने मनाने रचलेले होते. त्याने विचारलं, हे खरे आहेत ना? यंत्र म्हणालं, खरे. जून २०२३ मध्ये कोर्टाने पाच हजार डॉलर दंड केला. लग्नातल्या भटजींना ‘मुहूर्त चांगला आहे ना’ विचारण्यासारखं आहे ते. कोण नाही म्हणेल?

चित्रांचं सोपं आहे, बोटं मोजा. (देवीचं चित्र असेल तर आधी हात मोजा, मग बोटं.) स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर अहिल्यादेवींच्या तळहातावर पिंड आहे आणि पिंडीखाली सहा बोटं. मागे राजवाडा, जो आपण सगळे सात मजली समजून चाललो होतो. मी नऊ मजले मोजले. खाली दुकानाच्या पाटीवर जे लिहिलंय ते लांबून देवनागरी वाटतं, जवळ गेलं की मंगळावरचं. हे मुखपृष्ठ कोणी तपासलं नाही, कारण ते स्पर्धेत नव्हतं. आणि हल्लीची चित्रं पाचच बोटं काढतात, तेव्हा ही खूणही आता संपली म्हणा.

राहता राहिली अस्सल माणसाच्या लेखाची ओळख. ती सांगायची तर पहिला नंबर आलेल्या लेखाकडेच बोट दाखवते. त्याला वेबसाइटने किती टक्के दिले मला ठाऊक नाही. बहुधा घातलाच नसावा, कारण लेखक मोठे आहेत आणि जाहिरात देतात. ‘अहिल्यादेवी: नेतृत्वाचा चिरंतन दीपस्तंभ’ असं नाव. सुरुवात अशी: ‘नक्कीच! खाली आपल्यासाठी सुमारे हजार शब्दांचा प्रेरणादायी लेख दिला आहे.’ मग ‘त्या केवळ राणी नव्हत्या, तर एक विचार होत्या. त्या केवळ विचार नव्हत्या, तर एक चळवळ होत्या.’ असं करत करत त्या काय काय नव्हत्या याची यादी दीड पान. मधे बालपण इंदूरच्या राजवाड्यात, आणि राज्यकारभारही तिथूनच. शेवटची ओळ: ‘आपल्याला यात काही बदल हवे असल्यास अवश्य कळवा.’

हे छापलं आहे. आर्टपेपरवर, चार रंगांत. एक परीक्षक मला म्हणाले, ‘किती विनम्र आहेत हो, शेवटी सूचनासुद्धा मागवल्या आहेत.’

मला हसू आलं असतं. पण अहो, अहिल्यादेवी चौंडीच्या! आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं गाव. मल्हाररावांनी सून करून आणली ती तिथून. १७६७ पासून १७९५ पर्यंत, जायच्या दिवसापर्यंत, त्यांनी कारभार केला महेश्वरहून. नर्मदेच्या काठावरून. इथून दोन-अडीच तासांवर आहे ते. तुमच्यातल्या प्रत्येकाने तिथल्या घाटावर बसून फोटो काढलाय, बायकोला महेश्वरी साडी घेतलीये, आणि तीनशेव्या वर्षाच्या स्मरणिकेत, त्यांच्याच गावात, पहिला नंबर मिळवणाऱ्या लेखात त्यांची राजधानी चुकते आणि पाच परीक्षकांतल्या एकालाही दिसत नाही? पाच जण! कोणी एकाने तरी वाचला होता का? ‘नक्कीच!’ ही पहिली ओळ आहे. पहिली! तिथपर्यंतसुद्धा कोणी पोचलं नाही?

मग मला फोन करून टक्के कसले सांगता? माझा तरी कुठे वाचलात? वाचला असता तर एकाने म्हटलं असतं, काकू, आमच्याकडेही पिन कॅलेंडरलाच असायची. एकाने म्हटलं असतं, आत्याबाई मला माहीत होत्या, त्यांच्या हातचं गुळपोहे खाल्लंय मी. त्या मुलाने तर खरंच खाल्लंय. तिने त्याला भरवलंय. एवढंच पुरलं असतं मला, नंबर गेला खड्ड्यात. चोर पकडायची एवढी घाई, पण घरात काय होतं तेच माहीत नाही. तुम्हाला एआयची चीड नाही, वाचायचा कंटाळा आहे. तो आधीपासून होता. आता त्याला वेबसाइट मिळाली, इतकंच.

परवा त्याच मुलाचा परत फोन आला. यंदाच्या अंकासाठी काहीतरी द्या म्हणाला. ‘पण काकू, या टाइमाला दोन-चार चुका राहू द्या, म्हणजे प्रॉब्लेम नाही होणार.’

मी म्हटलं, अध्यक्षांचं मनोगत पाठव मला. त्यातल्या उचलते.