खेचर तेवढं गाळा

परवा केज तालुक्यातल्या एका गावात मला चहा अर्धा कप मिळाला आणि बोलणी पोटभर. गुन्हा एवढाच, की फितीचे रंग होते तसे सांगितले.

मला जुनी लष्करी पदकं ओळखता येतात. आमच्या घरी त्यांना 'बिल्ले' म्हणतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत ती पुन्हा पुन्हा रद्दीच्या ढिगाकडे सरकवली जातात, तो भाग वेगळा. पण ही खोड गावोगाव पसरली आहे. त्यातूनच एका पुतण्याचा (माझा नव्हे, ओळखीच्यांचा) फोन आला. माळवदाच्या जुन्या घरात आजोबांची पत्र्याची पेटी निघालीय, गावात त्यांच्या नावाची कमान उभारायचीय, 'काका, तुम्ही नुसतं येऊन दोन ओळींचं पत्र द्या.' आजोबांना वीरचक्र होतं असं लिहायचं, हे त्याचं आधीच ठरलेलं होतं, ते मला तिथं गेल्यावर कळलं.

पेटीत माल खरा होता. चार फितींची एक रिबनपट्टी (पदकांऐवजी नुसत्या त्यांच्या फिती छातीवर लावतात ती), मागची पिन गंजून कापडाला चिकटलेली, आणि खाली फडक्यात गुंडाळलेली पदकं. 1939-45 स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर राबून आलेल्या हिंदी शिपायाच्या छातीवर असायची तीच चौकडी. वॉर मेडलवरचा सिंह दोन तोंडाच्या ड्रॅगनवर उभा असतो, तो अंगठ्यानं पुसला तसा लख्ख दिसायला लागला. मी खूश. पुतण्या खूश. एवढ्यात दारातून आवाज आला, "पाव्हणं, जरा उजेडात धरा."

हे बाप्पा. घरचे ना दारचे, पण बसलेले नेमके दारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात अडकित्ता. फौजेशी संबंध म्हणाल तर तरुणपणी भरतीच्या रांगेत उभे राहून आले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी रिबनपट्टी माझ्या हातातून काढून घेतली, उलटी धरली आणि म्हणाले, "ह्ये काय हाय?"

उलटी म्हणजे खरंच उलटी. 1939-45 स्टारच्या फितीत गडद निळा, तांबडा आणि फिका निळा असे तीन सारखे पट्टे असतात. आरमार, फौज, विमानदल. त्यातला गडद निळा छातीच्या मधल्या बाजूला यायला हवा. मी पट्टी सरळ केली. बाप्पांनी ती परत उलटी केली आणि दुसऱ्या फितीवर अडकित्ता टेकवला. "आन् ह्ये?"

"बर्मा स्टारची फीत. गडद निळ्यात मधोमध रुंद तांबडा पट्टा, दोन्हीकडच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ."

"पोरा, वीरचक्राची फीत दाव रं मोबाईलवर."

पुतण्यानं दाखवली. अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. बाप्पांनी दोन्ही शेजारी धरलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"निळा हाय?"

"आहे."

"भगवा हाय?"

"नारिंगी आहे."

"भगवा हाय. मंग राह्यलं काय?"

"मधला तांबडा राहिला की!"

"त्यो रक्ताचा."

"बाप्पा, रक्त असं पट्टीनं आखल्यासारखं सरळ सांडतं का?"

"शिस्तीचा माणूस व्हता."

तोवर ओसरीवर दहा-पंधरा माणसं जमली होती. सगळ्यांनी मान डोलावली. मी तारखेचा आधार घेतला. वीरचक्र सुरू झालं 26 जानेवारी 1950 ला, आणि पेटीतल्याच कागदावर आजोबांची फौजेतून कायमची सुटी 1946 ची. बाप्पांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "म्हंजी पन्नासच्या आधीच्या लढाईचं कुणालाच दिलं न्हाई?"

खोटं बोलायला काय हरकत होती? पण नाही. म्हणालो, "दिलं. 15 ऑगस्ट 1947 पासून लागू केलं होतं."

"म्हंजी मागची तारीख टाकली."

"हो, पण..."

"अडीच वर्सं मागं गेलं सरकार. आजून एक वर्स मागं जायला कामून जीवावर येतंय? हितं पीकविम्याला वर्स-वर्स तारखा पुढं ढकलत्यात, तवा चालतं!"

यावर ओसरीवर जी दाद मिळाली, ती मला उभ्या आयुष्यात कुठल्या व्याख्यानाला मिळालेली नाही. वीरचक्र आता आजोबांना नव्हे, विमा न मिळालेल्या अख्ख्या गावाला द्यायचं होतं, आणि मध्ये आडवा आलेला मी.

शेवटचा पुरावा म्हणून मी स्टार पालथा केला. इंग्लंडात वाटलेल्या या स्टारवर नाव नसायचं. हिंदुस्थानात वाटलेल्यांवर मात्र मागं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली सापडते. जमवणाऱ्याला त्यात सगळी गंमत. कारण तिथं वस्तू संपते आणि माणूस सुरू होतो. बारीक अक्षरं होती, आडवा उजेड पाडून वाचावी लागली. शेवटी होतं आर.आय.ए.एस.सी. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. रसद पोचवणारं दल. आणि सुटीच्या कागदावर त्यातली तुकडी लिहिलेली, जनावरांवरून वाहतूक करणारी.

"म्हणजे?" पुतण्यानं विचारलं.

"म्हणजे खेचरं."

ओसरी गप्प झाली. चहाचा दुसरा कप घेऊन येणारी बाई अर्ध्या वाटेतून परत फिरली.

इथं माझं डोकं फिरलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही. अरे, ब्रह्मदेशाच्या डोंगरात चिखलातून ट्रक चालत नव्हते, तिथं दाणापाणी आणि दारूगोळा गेला तो खेचरांच्या पाठीवरून. 1944 साली शत्रूच्या पिछाडीला घुसलेल्या चिंडिट तुकड्यांच्या खेचरांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया केली होती, एक जनावर ओरडलं तरी अख्खी तुकडी सापडेल म्हणून. असलं मुकं जनावर रात्रीच्या पावसात कड्यावरून न्यायला छाती लागते. 1940 मध्ये फ्रान्सातल्या डंकर्कहून ब्रिटिश फौज समुद्र ओलांडून पळाली, तेव्हा तिच्यात याच दलाच्या हिंदी खेचर कंपन्यांची माणसं होती. जनावरं मात्र फ्रान्सातच सोडावी लागली. हे सगळं मी सांगितलं. बाप्पा म्हणाले, "कमानीवर खेचर कसं लिव्हावं?"

आपल्याकडे हल्ली नुसता लढाईवर जाऊन, काम करून, जिवंत घरी आलेला माणूस कुणाला पुरतच नाही. मेलेल्याला बढती दिल्याशिवाय नातवांचं मन भरत नाही. ज्या अंबाजोगाईच्या रस्त्यानं हे रोज जातात, ती निजामाच्या काळात मोमिनाबाद होती, हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. त्यावर दोन वाक्यं ऐकायला कुणी तयार नाही.

पेटीच्या तळाशी आणखी एक होतं. पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल, पंखवाल्या देवीचं, पितळी रंगाचं. ते बहुधा चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलसोबत मिळायचं. मी विचारलं, "याचा जोडीदार कुठंय?" आतून आजी म्हणाल्या, "त्ये व्हय? त्याच्यावर घोड्यावर बसलेला नागडा बाप्या व्हता. माझ्या सासूबाईनी देवघरात ठिवू दिलं न्हाई. जालन्याच्या सराफाकडून जोडवी करून आणली." आजींची साक्ष बिनचूक होती. त्या पदकावर घोडेस्वार उघडाच आहे. तीन तोळ्यांच्या आसपास चांदी, कडेवर पणजोबांचं नाव कोरलेलं, आणि गेलं मुशीत. दिवसभरात एक माणूस नीट पाहून बोललं, आणि तेही हे!

पत्र मी लिहून दिलं, खरं तेच. त्यामुळे फाट्यापर्यंत मोटरसायकलवर सोडायचं ठरलं होतं, ते गाडीत पेट्रोल नसल्यामुळे रद्द झालं. फाट्यावर काळीपिवळीत बसलो तर शेजारी बाप्पा. त्यांनी पुढच्या सीटवरच्यांना माझी ओळख करून दिली, "ह्ये पाव्हणं दिल्लीहून आलेत, गावाचं वीरचक्र परत न्यायला." केजपर्यंत एकही माणूस माझ्याशी बोलला नाही. वसुलीवाल्याकडे पाहतात तसं पाहत होते.

काल पुतण्याचा फोन आला. आवाज एकदम नरम. "काका, तुमचं पत्र कमिटीत वाचलं. 'ब्रह्मदेश आघाडीचे वीर' असं टाकायचं ठरलंय. त्यातलं खेचर तेवढं गाळतो."

म्हटलं, "गाळा. घोडं मात्र घालू नका."

"न्हाई न्हाई. घोडं चित्रात हाय फक्त. आन् काका, बाप्पा म्हणाले तुमचं बी नाव खाली टाकू, मार्गदर्शक म्हणून. तर वर्गणी किती लिहू?"