अडचणीच्या मुळाशी गेल्याशिवाय धंदा वाढत नाही

आपल्या मराठवाड्यात व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणांशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते: इथे पाणी नाही, बाजारपेठ लांब आहे, लोकांच्या हातात पैसा नाही, मग धंदा करायचा कसा? यातले काहीच खोटे नाही. तरीही माझे ठाम मत आहे की आपल्याकडे जे व्यवसाय टिकले, त्यांतले कितीतरी याच अडचणींच्या पोटातून आले.

आमच्या जालन्याचेच पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, तेव्हा शेतकऱ्याला खात्रीचे बियाणे मिळणे हीच मोठी अडचण होती. त्यांनी तीच आपले काम मानले आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या परिसरात पुढे बीजोत्पादन रुजले, त्यात इथल्या कोरड्या हवेचाही वाटा आहे. ज्या हवेला आपण रोज दोष देतो, तीच बीजोत्पादनाच्या पिकावरचे बरेच रोग आटोक्यात ठेवते आणि बी नीट वाळू देते.

रेशीम शेतीची गोष्टही अशीच आहे. रेशमाचे किडे तुतीच्या पाल्यावर वाढतात. तुतीला उसाच्या मानाने पाणी फार कमी लागते आणि उन्हाळ्यात पाणी आटले तर कीटक संगोपन, म्हणजे किडे वाढवणे, थांबवून नुसती झाडे जगवता येतात. पण किड्यांनी विणलेले रेशमाचे कोष विकायला थेट कर्नाटकातल्या रामनगरला जावे लागे, त्यात भाडे आणि वेळ दोन्ही जात. २०१८ मध्ये जालन्यात कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली. शेतकऱ्यांनी अंतराची अडचण वर्षानुवर्षे सोसत उत्पादन चालू ठेवले नसते, तर इथे बाजार सुरू करण्याचे कोणाला सुचलेच नसते.

माझा स्वतःचा व्यवसाय ठिबक सिंचनाच्या साहित्याचा आहे. उन्हाळा लागला की दुकानात तक्रारी घेऊन शेतकरी येतात: ‘मालक, नळ्या चोकअप झाल्या, मोसंबीला पाणी पोहोचंना.’ या व्यवसायात यावर ठरलेले उत्तर असते की माल चांगला होता, वापर चुकला. ते उत्तर पुष्कळदा खरेही असते, पण त्याने झाडाला पाणी मिळत नाही. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते ड्रिपरच्या, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशी साचतात आणि पाण्याची वाट हळूहळू बंद होते. म्हणून आता आम्ही साहित्य विकण्याआधी पाणी तपासून घेण्याचा आग्रह धरतो, गाळणी धुण्याची आणि नळ्यांची टोके उघडून पाणी सोडण्याची पद्धत शेतावर जाऊन दाखवतो आणि गरज असेल तिथे आम्ल प्रक्रिया, म्हणजे नळ्यांत आम्ल सोडून साचलेले क्षार विरघळवणे, करून देतो. आज आमचे बरेचसे नवे गिऱ्हाईक या सेवेमुळे येते, आणि ही सेवा आम्हाला त्या तक्रारींनीच शिकवली. संतापलेल्या माणसाचे म्हणणे मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेणे ही गोष्टही मी याच गल्ल्यावर बसून शिकलो, आणि घरातल्या वादांतही तिचा मला फार उपयोग झाला आहे.

इथे एक भेद मात्र पाळलाच पाहिजे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात घर गमावलेल्या माणसाला, किंवा २०१६ मध्ये मिरजेहून येणाऱ्या रेल्वेच्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकराला ‘संकटात संधी शोधा’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे. तिथे आधी मदत लागते. मी बोलतो आहे ते ज्या अडचणीला हात घालण्याइतके बळ आपल्यात उरलेले आहे तिच्याविषयी. व्याख्यानांतून हा भेद गाळला जातो, त्यामुळे कष्टकरी माणसाला असा उपदेश टोचतो, आणि ते योग्यच आहे.

सध्या माझ्यापुढची सर्वांत अवघड अडचण उधारीची आहे. हप्ता महिन्याच्या हिशेबाने मागायचा आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा सोयाबीन किंवा कापूस विकल्यावरच यायचा, हे गणित जुळत नाही, मग दोन्हीकडे मन कडू होते. म्हणून या हंगामापासून वसुलीची तारीख पिकाच्या विक्रीनुसार गिऱ्हाइकासोबत बसूनच ठरवायची, असे आम्ही योजले आहे. त्यासाठी कंपनीकडून माल घेताना मलाही जास्त मुदत मिळवावी लागेल आणि ती बोलणी अजून चालू आहेत. ज्या दुकानदार मित्रांनी असा प्रयोग केला असेल, त्यांनी पाऊस लांबला तेव्हा तारखांचे काय केले, हे अवश्य लिहावे.