‘सर्व्हर बसवला आणि चार महिन्यांनी परत पैसे मागितले’: आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की सर्व्हरचे पूर्ण पैसे घेतले, चार महिन्यांनी घरून लॉगिन बंद पाडलं, मग पाच माणसांसाठी आठ लायसन्सचे पैसे सांगितले आणि वर व्हीपीएनचं (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेचं) लचांड मागे लावलं. ‘बंद पाडलं’ सोडून बाकी सगळं खरं आहे.

६ ऑगस्टला सकाळी तुमच्या ऑफिसातल्या पोरांना दिसलेला, लॉगिन नाकारणारा मेसेज आम्ही टाकलेला नव्हता. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपचा रोल, म्हणजे घरून सर्व्हरचा डेस्कटॉप उघडायची सोय, टाकला की १२० दिवस तो लायसन्सशिवाय चालतो, मग अडवतो. तुमच्याकडे तो ८ एप्रिलला टाकला, मोजून बघा. त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, ‘तुमचा माणूस आत जातो, मग आमची पोरं का नाही?’ प्रश्न रास्त होता. पण जीएसटीआर-१ या जीएसटी रिटर्नची ११ तारीख तोंडावर होती, आवाज दोघांचेही चढलेले, त्यामुळे उत्तर राहूनच गेलं. सर्व्हरच्या देखभालीसाठी दोघांना या लायसन्सशिवाय आत जाता येतं. रोजच्या एन्ट्र्या त्या वाटेने करायची परवानगी नाही.

आता आमची चूक. कोटेशनच्या सहाव्या ओळीत ‘आरडीएस कॅल, ५ नग, ऐच्छिक’ असं छापलंय. आरडीएस कॅल म्हणजे हेच रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स. ऐच्छिक! घरून काम करायचंय हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, मग ऐच्छिक कसलं? तुम्ही ती ओळ खोडलीत तेव्हा आमच्या इंजिनिअरने ‘आत्ता चालतंय, पुढचं पुढे बघू’ म्हणायला नको होतं. १२० दिवसांचा आकडा कागदावर कुठेच नव्हता, जुलैत आमच्याकडून आठवणीचा फोनही गेला नाही. त्या आठवड्यात सगळ्यांना ऑफिसात येऊन बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

साध्या कॅल तुम्ही एप्रिलमध्येच घेतल्यात, त्या सर्व्हरवरच्या फाइली वापरण्यापुरत्या. घरी बसून सर्व्हरचाच डेस्कटॉप उघडायचा तर त्यावर आरडीएस कॅल वेगळी लागते. टॅली गोल्ड (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अनेकांनी वापरायचं लायसन्स) आहे म्हणून ती चुकत नाही. ते लायसन्स टॅलीपुरतं.

पाचाचे आठ कसे झाले? तुमच्याकडे डोमेन (सगळ्यांची लॉगिन खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नाही, नुसता वर्कग्रुप (सुटे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले) आहे. तिथे माणशी कॅल टाकली तर सर्व्हर तासाभराने सेशन तोडतो, म्हणून मशीनमागे कॅल घ्यावी लागते. तुमचे तिघेजण घरच्या लॅपटॉपवरून लॉगिन करतात आणि क्लायंटकडे नेतात त्या लॅपटॉपवरूनही. झाल्या आठ. किती मशीनवरून काम चालतं हे आम्ही एप्रिलमध्येच विचारायला हवं होतं. आता डोमेन आम्ही करून देतो, मजुरी घेणार नाही. मग माणशी पाच कॅलमध्ये भागेल. कॅलचे पैसे मात्र तुम्हालाच भरावे लागतील.

कुणीतरी पाचशे रुपयांत ते १२० दिवस पुन्हा सुरू करून देतो म्हणाला, असंही तुम्ही लिहिलंय. देत असेल. आम्ही नाही करणार.

व्हीपीएनबद्दलही माघार नाही. तुमच्या राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, बाहेरून थेट उघडा होता. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) ४६२५ नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी तुमच्यासमोर उघडून दाखवल्या होत्या, आठवतंय? अॅडमिन, टेस्ट, अकाउंट्स, टॅली... असल्या नावांनी रात्रभर कुणीतरी पासवर्ड लावून बघत होतं. त्यातला एक लागला की क्लायंटांचा सगळा डेटा लॉक आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. पोर्टचा नंबर बदलून ठेवा म्हणणारेही भेटतात, पण स्कॅन करणाऱ्याला नवा नंबर सापडायला कितीसा वेळ लागतो? सकाळी व्हीपीएनचा एक जादा पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो, मलाही येतो.

२० तारखेचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरून झालं की एक रविवार ऑफिस उघडं ठेवा. मी स्वतः येतो. सुधारलेलं कोटेशन आज संध्याकाळपर्यंत मेलवर पाठवतो; त्यात ‘ऐच्छिक’ हा शब्द नसेल.