मुलाचं सर्टिफिकेट काढू नका म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्यापासून आमच्या पालकांच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, वर "पालकांनो सावधान" आणि खाली "जनहितार्थ". ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलाचं दिव्यांग सर्टिफिकेट काढू नका, एकदा काढलं की आयुष्यभराचा शिक्का बसतो, नॉर्मल शाळा दारात उभं करत नाहीत, मेडिक्लेम मिळत नाही, फायदे फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना आणि ज्यांचं अपंगत्व डोळ्यांना दिसतं त्यांनाच, एजंटला दहा-पंधरा हजार दिल्याशिवाय कामच होत नाही, आणि शेवटी आईबाप खंबीर असले की असल्या कागदांची गरज नसते.

परवा घणसोलीच्या एका आईचा फोन आला. मुलगी साडेतीन वर्षांची, डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलाय, थेरपी सुरू करायचीय आणि ती म्हणाली, ताई, सासूबाईंनी तो मेसेज वाचला नि आता घरात कुणी सर्टिफिकेटचा विषयच काढू देत नाहीये. म्हणून लिहायला बसले. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्यालाही ऑटिझम आहे, आम्ही कोपरखैरणेला राहतो. त्याचं सर्टिफिकेट आम्ही तो सहाचा असताना काढलं, त्याआधीची दोन वर्षं ह्याच भीतीत घालवली, आणि ती दोन वर्षं मला अजून बोचतात.

आता एकेक मुद्दा घेते.

शिक्का बसतो म्हणे. आमच्याकडे कुठलाही कागद नव्हता तेव्हा जवळच्याच एका शाळेत ज्युनियर केजीच्या ॲडमिशनला गेलो होतो. तो खुर्चीवर बसला नाही, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत राहिला, आणि मॅडमनी आमची फाईल न उघडता सांगितलं की सीट भरल्यात. सोसायटीच्या लिफ्टमधे एक काकू रोज विचारायच्या, अजून बोलत नाही का. म्हणजे शिक्का कागदाच्या आधीच बसला होता, फक्त त्याच्या बदल्यात मुलाला काहीच मिळत नव्हतं! सर्टिफिकेट तुमच्या फाईलमधे असतं, तुम्ही दाखवाल तिथेच ते दिसतं, कुणी दारावर चिकटवत नाही. आणि लहान मुलांना बहुतेक वेळा तात्पुरतंच देतात, त्यावर मुदत लिहिलेली असते, मुदत संपली की पुन्हा तपासणी, मूल सुधारलं असेल तर त्यावर लिहिलेले अपंगत्वाचे टक्केही बदलतात. मग "आयुष्यभराचा" कुठून आलं?

तपासणीची पण लोकांना फार भीती असते म्हणून ती कशी होते ते सांगते. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी त्याच्यापुढे लाकडी फॉर्म बोर्ड ठेवला, त्यात दहा आकार असतात, ते आपापल्या खाचेत बसवायचे. त्याने चांदणी उचलली, नाकाला लावून वास घेतला, बरोब्बर खाचेत बसवली आणि उरलेल्या नऊंकडे ढुंकूनही बघितलं नाही. मॅडम काहीही बोलल्या नाहीत, शांतपणे लिहीत होत्या. मग मला विचारत गेल्या, डोळ्यात बघतो का, एकटाच हसतो का, हात फडफडवतो का, ठरावीक आवाजाने कान झाकतो का. ह्याला इसा स्केल म्हणतात, त्यात असे चाळीस मुद्दे असतात, स्कोअर ७० किंवा वर गेला की ऑटिझम धरतात. मी त्या दिवशी रडले, खोटं नाही सांगत, पण आपल्या मुलाबद्दल कुणीतरी इतकं नीट विचारतंय असं पहिल्यांदाच झालं होतं.

नॉर्मल शाळा घेत नाही हा मुद्दा तर सरळ उलटा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत नाहीतर स्पेशल शाळेत, निवड आपली. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांमधे दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, आपल्याकडे त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पण सर्टिफिकेट लागतं. शाळेने तरी नाही म्हटलं तर लेखी मागा आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करा. पुढे दहावीला लेखनिक हवा, पेपरला तासामागे वीस मिनिटं जास्त हवीत, तेव्हाही शाळा पहिला प्रश्न हाच विचारणार, सर्टिफिकेट आहे का? कायदा आहे म्हणून सगळ्या शाळा सुधारल्या असं मी म्हणत नाहीये, आम्हालाही तिसऱ्या शाळेत जागा मिळाली, पण तिथे मी हात जोडून उभी नव्हते, कलम दाखवून बोलत होते.

आणि स्पेशल शाळा म्हणजे शिक्षा नाही हो. ठाणे महापालिकेची जिद्द शाळा आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला एनआयईपीआयडी ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. आधी जाऊन बघा तरी, तिथल्या आयांशी बोला, मग ठरवा.

मेडिक्लेमचं. विम्याच्या फॉर्मवर आजार विचारतात, सर्टिफिकेट असो वा नसो. लपवलंत तर क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. उलट सर्टिफिकेट असलं की नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना मिळते, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व ह्या चारांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, वयाची अट नाही, आणि त्यात ओपीडी नि थेरपीचाही खर्च बसतो जो साध्या मेडिक्लेममधे सहसा बसतच नाही. नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत फॉर्म भरायचा. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं लावून परत मिळवायचे, त्यामुळे थेरपीची प्रत्येक पावती जपून ठेवा, तारीख आणि थेरपिस्टचा शिक्का असलेली. शिवाय फेब्रुवारी २०२३ मधे आयआरडीएआयने, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी आणायलाच सांगितलंय.

आता पिवळ्या रेशनकार्डची गोष्ट, कारण नोकरदार घरं इथेच सर्वात जास्त फसतात. काही योजनांना उत्पन्नाची अट आहे हे खरंय. संजय गांधी निराधारला दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, ती आपल्यातल्या बऱ्याच जणांना मिळणार नाही. पण बाकीचं बघा. ह्यांच्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा वर्षाला २५०० प्रोफेशनल टॅक्स कापला जायचा, दिव्यांग मुलाच्या पालकाला महाराष्ट्रात तो माफ आहे. एचआरला माहीतच नव्हतं, दोन महिने मागे लागावं लागलं, पण स्लिपवरची ती ओळ गेली. इन्कम टॅक्समधे ८०डीडीखाली ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाख वजावट, मुलावर प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी पूर्ण आकडा मिळतो. हे फक्त जुन्या रिजीममधे आहे बरं का, नवीन घेतली असेल तर नाही, सीएला दोन्ही मांडून बघायला सांगा. रेल्वेत बौद्धिक दिव्यांग मूल आणि सोबतचा माणूस, दोघांनाही स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत. एसटीतही मुलाला ७५ टक्के. महात्मा फुले जनआरोग्य योजना तर आता पांढऱ्या रेशनकार्डलाही आहे, पाच लाखांपर्यंत, तिला हे सर्टिफिकेटही लागत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते आणि दिव्यांग मुलासाठी तिला मुलाच्या वयाची मर्यादा नाही. ह्यातल्या कशाने श्रीमंत होत नाही कुणी, पण ज्या घरात थेरपीच्या एका सेशनला हजार रुपये जातात तिथे हे पैसे म्हणजे महिन्याला एक-दोन सेशन जास्त.

डोळ्यांना दिसतं तेच अपंगत्व, हे १९९५ च्या जुन्या कायद्याच्या वेळचं डोकं आहे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारखी लर्निंग डिसॅबिलिटी आहे, आणि थॅलेसिमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार पण आहेत. दर काही आठवड्यांनी मुलाला रक्त चढवायला नेणारे किती पालक असतील ज्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही. टाइप वन डायबिटीस आणि जन्मजात हृदयविकार ह्या २१ मधे नाहीत, त्या आईवडिलांनी सर्टिफिकेटच्या मागे दमू नये, हृदयविकारासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, ० ते १८ वयासाठी, त्यातून ऑपरेशनपर्यंतची मदत होते. (हा कार्यक्रम देशात सुरू झाला तोच पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मधे, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं.) आणि फारच दुर्मिळ आजार असेल तर केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत आहे, आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे परळचं केईएम हॉस्पिटल.

एजंट. एक रुपयाही देऊ नका. यूडीआयडीचा, म्हणजे सर्टिफिकेट आणि दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर फुकट होतो.

शेवटचा मुद्दा, आईबाप खंबीर असले की कागद लागत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी, इतका खंबीर माणूस मी बघितला नाही. मुलगा १९ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. बँकेत त्याचं खातं उघडायला गेल्या तर सांगितलं तो सज्ञान आहे, तुमची सही चालणार नाही. आणि ते नियमाने बरोबर होतं. अठरा पूर्ण झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली कलेक्टरच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्याला पहिलं जोडायचं ते दिव्यांग सर्टिफिकेट. वहिनींनी ते कधी काढलंच नव्हतं, आता ९० किलोच्या मुलाला रांगेत उभं करून काढावं लागतंय. ऐरोली ते बेलापूरवाल्यांना ठाणे कलेक्टर, पण खारघर-कामोठे रायगडमधे, त्यांना अलिबाग.

घणसोलीची ती आई रविवारी सासूबाईंना घेऊन माझ्याकडे येतेय. आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांचे रिपोर्ट आणायला सांगितलंय. अर्जाच्या फोटोसाठी पोरगी स्टुडिओत उभी राहत नाही म्हणाली, तर आमच्या फ्रीजचा दरवाजा पांढरा आहे, त्याच्यासमोर उभी करू, मॅग्नेट काढून ठेवलेत.