सवलत पीएफची, अडचण पायरीची

दिव्यांगांना नोकरी द्यावी म्हणून सरकार मालकांना सवलत देऊ करतं, हे बहुतेक मालकांना ठाऊकच नसतं. मी कोल्हापुरात छोट्या कारखान्यांचं पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) यांचं काम बघते. ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीही त्या सवलतीपायी कुणाला कामावर घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. याचा दोष सगळा मालकांना देऊन भागणार नाही, कारण सवलत मुळात चुकीच्या खर्चावर दिलेली आहे.

दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी ४ टक्के जागा राखीव केल्या. खासगी क्षेत्रासाठी कलम ३५ म्हणतं की किमान ५ टक्के कामगार दिव्यांग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, पण आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून. १९९५ च्या कायद्यातही हेच ५ टक्के होते आणि हीच मर्यादा होती. मालकावर सक्ती नाही, सरकारवर मुदत नाही.

२००८ साली केंद्राने योजना आणली. मूळ अट अशी: महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कामगारासाठी मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय पहिली तीन वर्षं सरकार भरणार. आजच्या दराने हिशेब मांडा. १५,००० पगारावर मालकाचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० आणि ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ४८८. महिन्याला २,२८८ रुपये वाचले. आता ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेली विकसित भारत रोजगार योजना बघा. तिच्यात नव्याने वाढवलेल्या कुठल्याही कामगारामागे, याच पगाराला, मालकाला महिना २,००० रुपयांपर्यंत मिळतात. मग दिव्यांग माणसासाठी म्हणून वेगळं असं काय उरलं? शिवाय पीएफ लागतो वीस कामगारांपासून आणि ईएसआय साधारण दहापासून. चार-सहा माणसांचं वर्कशॉप, झेरॉक्सचं दुकान, टॅलीवर हिशेबाच्या नोंदी करून देणारं ऑफिस यांना या सवलतीचा उपयोग शून्य, आणि कामं तर तिथेच जास्त असतात.

आता खरी अडचण कुठे असते ते सांगते. एका शेडमध्ये पोलिओमुळे एक पाय अधू असलेला मुलगा सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, प्रोग्रामिंगला होता. डिप्लोमा झालेला, हात बसलेला, त्याने बनवलेल्या सुट्या भागांत रिजेक्शन जवळजवळ नाही. मालक त्याचं कौतुक करायचे. संडास शेडच्या मागे. दोन उंच पायऱ्या, खाली बसायचं भांडं, धरायला काही नाही, फरशी कायम ओली. तो घरून निघाल्यापासून शिफ्ट सुटेपर्यंत पाणीच प्यायचा नाही. उन्हाळ्यात मूतखड्याचा त्रास सुरू झाला आणि त्याने काम सोडलं. पीएफ पोर्टलवर त्याची काम सोडल्याची तारीख मीच टाकली. एक कमोड, भिंतीला दोन दांडे, पायऱ्यांच्या जागी उतार. गवंड्याचं दोन-तीन दिवसांचं काम होतं. मालक वाईट नव्हते, त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, आणि त्या पोराला सांगायची लाज वाटली.

पीएफची सवलत त्याच्या काय कामाची होती?

ब्रिटनमध्ये ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची योजना १९९४ पासून चालू आहे. तिथे पैसा त्या माणसाच्या गरजेवर खर्च होतो. बसने जाता येत नसेल तर टॅक्सीचं भाडं, दृष्टिहीन असेल तर पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर), कर्णबधिर असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी. जर्मनीत वीस किंवा जास्त कामगारांच्या कंपनीला ५ टक्के जागा तीव्र दिव्यांगांना द्याव्याच लागतात, नाही दिल्या तर दरमहा भरपाई भरावी लागते आणि तो पैसा दिव्यांगांच्या रोजगारासाठीच वापरला जातो. जपानमध्येही अशीच पद्धत आहे. आपल्याकडच्या छोट्या कारखानदारावर एकदम दंड लादा असं मी म्हणणार नाही, त्याचं कंबरडं मोडेल. पण मोठ्या कंपन्यांना काय अडचण आहे? त्यांच्याकडून भरपाई घ्या आणि त्यातून छोट्यांच्या शेडमधले संडास, उतार, सॉफ्टवेअर करून द्या. पैसे आधी द्या, बिलं नंतर तपासा. आधी खर्च करा, मग परताव्याची वाट बघा, हे छोट्या माणसाला झेपत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खातं डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्याने काढलं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. या खात्याने एमआयडीसीला सोबत घेऊन एवढं एक काम हातात घ्यावं. कामगार ठरला की महिन्याभरात कुणीतरी शेडवर येऊन बघून जावं की हा माणूस गेटपासून मशीनपर्यंत आणि मशीनपासून संडासापर्यंत कसा जाणार, आणि लागेल तो बदल सरकारी खर्चाने व्हावा.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कुणाला दिव्यांग कामगार घ्यायचा असेल आणि कागदपत्रांची धास्ती वाटत असेल तर मला मेसेज करा. युडीआयडी कार्डापासून (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पीएफ नोंदणीपर्यंत सगळं करून देईन, फी घेणार नाही. फक्त त्याआधी एकदा शेडमागचा संडास मला दाखवा.