जिम स्टाइन्सच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना वाचक’ यांस,

तुमची प्रतिक्रिया बाकीच्यांच्या नजरेतून सुटली असेल, म्हणून आधी तिचा सारांश देतो. माझा लेख ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या मेलबर्न क्लबचा आयरिश खेळाडू जिम स्टाइन्स याच्यावर होता. तुमच्या मते तो लेख भाबडा आहे. ज्याने एकही प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली नाही, त्याला थोर म्हणू नये. सलग 244 सामने खेळणं हा नशिबाचा भाग. आणि 1987 सालची ती धाव ही नुसती चूक नव्हती, कारण ‘ज्याच्या रक्तात खेळ नाही, त्याला तो ऐन वेळी कळतच नाही’. वर पुस्ती जोडलीत, ‘तुमच्यासारख्या कालच्या पाहुण्यांना हे समजायचं नाही.’

मतभेदाचं मला वावडं नाही. इथे लोकांनी माझी सालटी काढली आहेत आणि त्या प्रतिक्रिया मी जशाच्या तशा ठेवल्या आहेत. पण तुम्ही लेखाशी वाद घातलाच नाहीत. मी कोण, कुठला, यावर घसरलात. ते मला लागलं, आणि लागलं हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

एक गोष्ट मान्य. स्टाइन्सच्या नावावर प्रीमियरशिप नाही. 1988 ची ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाचा सामना, मेलबर्न 96 गुणांनी हरला; तो सगळा भार एकट्याच्या खांद्यावर टाकायचा असेल तर टाका. नशिबाचं म्हणाल, तर 1987 ते 1998 एकही सामना न चुकवता खेळणं, तेही रकमन, म्हणजे पंचांनी उसळवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा उंच खेळाडू म्हणून, दर उसळीला समोरच्या आडदांड गड्याशी गुडघ्याला गुडघा भिडवत! ज्याला हे नशीब वाटतं, त्याच्याशी मी काय बोलू?

आता तुमचं ते ‘रक्त’.

आधी ती धाव नीट बघा. सप्टेंबर 1987, वेव्हर्लीचं मैदान, हॉथॉर्न क्लबविरुद्ध प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीची पायरी. मेलबर्न 23 वर्षांनी फायनल्समध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, आलेला. मेलबर्नच्या रॉबी फ्लॉवरचं हे शेवटचं वर्ष, अख्खी कारकीर्द त्याने याच दिवसांची वाट पाहिलेली. अगदी शेवटच्या क्षणी मेलबर्न चार गुणांनी पुढे, आणि हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली. अंतर त्याच्याही आवाक्याबाहेरचं वाटावं इतकं. एवढ्यात स्टाइन्स आपला माणूस गाठायला धावला, तो थेट बकेनारा आणि मार्कवरचा, म्हणजे किक मारणाऱ्यासमोर ठरलेल्या जागी उभा असलेला, खेळाडू यांच्या मधून. पंचांनी पंधरा मीटर बहाल केले. बकेनारा पुढे सरकला, भोंगा वाजून गेल्यावर त्याने गोल मारला, सहा गुण. मेलबर्न दोन गुणांनी घरी. ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक जॉन नॉर्दी त्या पोराच्या तोंडासमोर बोट नाचवत ओरडतोय, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

हे पोर 1984 च्या अखेरीस डब्लिनहून आलं होतं, वय 18. गेलिक फुटबॉलवर वाढलेलं. तिथला चेंडू गोल, इथला लांबट. मार्कवर माणूस उभा राहतो या प्रकाराचा तिथे मागमूसही नव्हता. आपला माणूस सुटला की धावत जाऊन गाठायचा, हे मात्र अंगात मुरलेलं. वरच्या लीगमधलं त्याचं ते पहिलंच वर्ष होतं. चूक झाली ती सवयीने झाली, आणि सवय मोडता येते. त्याने मोडली. चारच वर्षांनी, 1991 मध्ये, लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ब्राउनलो पदक त्याच्या गळ्यात पडलं. ऑस्ट्रेलियाबाहेर घडलेल्या दुसऱ्या कुणालाही ते आजवर मिळालेलं नाही.

शिवाय तुम्ही ज्याला उणीव म्हणता, तीच त्याची ताकद होती. साधारण दोन मीटर उंचीचा रकमन मिडफिल्डरसारखा मैदानभर पळतोय, हे तेव्हा सर्रास दिसत नव्हतं. ते पळणं त्याने डब्लिनहूनच आणलं होतं.

रक्ताचाच हिशेब मांडायचा, तर खेळाच्या उगमापर्यंत जाऊ. 1859 मध्ये मेलबर्न क्लबचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांतले हॅमरस्ली आणि थॉम्प्सन इंग्लंडहून आलेले, आणि थॉमस स्मिथ चक्क आयर्लंडचा. टॉम विल्स इथला, पण शिकला इंग्लंडात, रग्बी नावाच्या शाळेत. मग यांच्यातल्या कुणाचं रक्त तुम्ही खरं धरणार?

माझ्याबद्दल बोललात म्हणून माझंही सांगतो. मी सोलापूरचा, खो-खो खेळत वाढलो. मेलबर्नला आलो तेव्हा संसारी माणूस होतो. मुलगा ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटबॉल वर्गाला, जायला लागला तसा मीही शनिवारी सकाळी मैदानावर उभा राहू लागलो, आणि पुढे त्याच्या ज्युनिअर क्लबात गोल पंचाचं काम अंगावर घेतलं. एकदा पावसात एका पोराची किक खांबाला घासून आत गेली. ‘टक्’ असा बारीक आवाज आला, मी तिथून हातभर अंतरावर होतो. मी गोल न देता बिहाइंड, म्हणजे एकच गुण दिला, भिजलेला एकच झेंडा हलवला. कुंपणापलीकडून एक बाप ओरडला, की तू आपला क्रिकेटच बघ, हे तुझ्या रक्तात नाही. खांबाला लागलेला चेंडू गोल होत नाही, हा नियम मी पुस्तकातून शिकलो होतो. तो माणूस याच खेळात जन्मलेला, आणि त्याला तो माहीत नव्हता. त्याचं वाक्य तुम्ही मला मराठीत ऐकवलंत, तेही आपल्या माणसाने. म्हणून हे उत्तर इतकं लांबलं.

पाहुणा म्हणालात. 2008 मध्ये मेलबर्न क्लब लाखो डॉलरच्या कर्जात बुडाला होता तेव्हा अध्यक्षपद घ्यायला स्टाइन्स हाच पाहुणा पुढे आला. 2009 मध्ये त्याला कर्करोग निघाला. उपचार चालू असताना त्याने पैसे उभे केले, 2010 मध्ये कर्ज फिटलं. मार्च 2012 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा राज्य सरकारने इतमामाने निरोप दिला. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलं असेल असं वाटत नाही.

लेख भाबडा आहे का, यावर मी वाद घालणार नाही. सामन्यांवर, नियमांवर, आकड्यांवर बोलायचं असेल तर खुशाल या, मी वाचेन आणि उत्तरही देईन. ‘रक्त’ आणि ‘पाहुणे’ घेऊन पुन्हा आलात, तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकेन.