शुगर मुळापासून घालवायचीय ना? मग हे कराच

रिपोर्टमध्ये शुगर निघाली? आता सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही. त्यातल्या डॉक्टरांचं तेवढं शेवटी ऐका. त्यांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध लिहून दिलं असेल. ते 'केमिकल' असून किडनीची वाट लावतं, हे सोसायटीच्या कट्ट्यावर केव्हाच ठरलंय. ब्रिटनमध्ये ते १९५८पासून वापरात आहे आणि त्याचं मूळ एका युरोपीय वनस्पतीत सापडतं, हा विषय तिथे काढू नका. उगाच रंगाचा बेरंग.

त्यापेक्षा पावडर घ्या. जांभळाच्या बिया, मेथी, कारलं, गुडमार, विजयसार, सगळं एकाच डब्यात. मेथीने साखर थोडी उतरते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण 'थोडी' म्हणून डबा खपतो होय? डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असेल, त्यावर अंगठा ठेवून धरा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून बिचारे 'शुगर संतुलन' एवढंच लिहितात. बाकीचं आपण समजून घ्यायचं.

पाहुणे आले की गुडमारचं पान चावून चिमूटभर साखर जिभेवर टाका. गोडवा गायब! परिणाम झाला तो जिभेवर, हे पाहुण्यांना कशाला सांगायचं?

खरं कसब मुहूर्तात आहे. डॉक्टर गोळीचा डोस वाढवतील, त्याच दिवशी डबा फोडा. सकाळचं चालणं सुरू करा, रात्रीचा भात निम्मा करा. आकडा उतरला की श्रेय पावडरीला. चढला, तर गोळीच नडली. एचबीए१सीच्या वाटेला मात्र जाऊ नका. ती चाचणी रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी काढते. आदल्या दोन दिवसांच्या उपासाला ती दाद देत नाही, फार कोत्या मनाची आहे.

गोळी चालू असताना वर पावडरीचे दोन चमचे घेतले आणि दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तर 'विषद्रव्यं बाहेर पडताहेत' म्हणून शांत पडून राहा. साखर धोकादायक खाली गेल्यावरही अगदी असंच होतं, आणि तेव्हा चटकन साखर खायची असते, पण मधुमेह्याने साखर खायची म्हणजे काय! काही देशांत 'शुद्ध वनस्पतीजन्य' गोळ्या-चूर्णं तपासली, तर त्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचंच औषध गुपचूप मिसळलेलं निघालं. बघा, गुण येतो हे खोटं नव्हतं!

हो, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर रक्त तपासून, कमी निघालं तर त्याची गोळी घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. ही गोळी स्वस्त आहे, ती घ्यायला कारणही आहे, आणि तिचा एकही व्हिडिओ अजून फॅमिली ग्रुपवर आलेला नाही. तेव्हा तिच्यात काही राम नसणार.